हार्लेमचे बिनीचे धावपटू

१९३६ हे वर्ष क्रीडा इतिहासात बर्लिन ऑलिम्पिकसाठी ओळखले जाते. वंशश्रेष्ठतेचा डंका पिटणाऱ्या हिटलरच्या राजधानीत जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूने चार सुवर्णपदके जिंकली. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. मुलांना ती आवडते, कारण तिचा शेवट टाळ्यांचा आहे. पण त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या वस्तीत आणखी एक गोष्ट सुरू झाली. तिला टाळ्या मिळाल्या नाहीत आणि आपल्याकडच्या पुस्तकांत तर ती कुठेच नाही. आज तीच सांगायची आहे, कारण आपल्या मोहल्ल्यांत सध्या जो एक प्रश्न विचारला जातो त्याच्याशी तिचा संबंध आहे.

हार्लेम म्हणजे काळ्या लोकांची वस्ती. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून, तिथल्या जुलमी कायद्यांना कंटाळून उत्तरेला आलेली हजारो कुटुंबे आणि वेस्ट इंडीजच्या बेटांवरून रोजीरोटीसाठी आलेले लोक तिथे दाटीवाटीने राहत होते. मंदीचा काळ होता, हाताला काम नव्हते. या वस्तीतल्या तिघांनी एक धावण्याचा क्लब काढला. एक जोसेफ यान्सी, दुसरे रॉबर्ट डग्लस आणि तिसरे विल्यम कलब्रेथ. डग्लस हे सेंट किट्स बेटावरून आलेले गृहस्थ. त्यांनी १९२३ मध्ये 'न्यूयॉर्क रेनेसान्स' हा कृष्णवर्णीय खेळाडूंचा बास्केटबॉल संघ उभा केला होता, त्यामुळे संस्था चालवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. यान्सी तेव्हा पंचविशीतला तरुण होता. धावपटूंना शिकवण्याची जबाबदारी त्याने घेतली आणि पुढे सारी हयात त्यातच घालवली.

क्लबचे नाव 'न्यूयॉर्क पायोनियर क्लब'. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे असा शब्द आला की मन लगेच दोन्हीकडे धावते. उर्दूत पायोनियरला 'पेशरव' म्हणता येईल. फौजेच्या भाषेत 'हरावल', म्हणजे सर्वांत पुढे चालणारी तुकडी. मराठीत त्याच तुकडीला 'बिनी' म्हणतात, आणि 'बिनीचे शिलेदार' हा शब्दप्रयोग आपण आजही वापरतो. बिनीच्या तुकडीचे काम लढाई जिंकून टाकणे एवढेच नसते. मागून येणाऱ्यांसाठी वाट शोधायची आणि ती मोकळी करायची, हे तिचे खरे काम. या क्लबने नेमके तेच केले.

क्लब कशाला हवा होता?

आपल्याला वाटेल, धावायला क्लब कशाला लागतो? रस्ता आहे, पाय आहेत, धावा. पण स्पर्धेत उतरायचे तर तेवढे पुरत नाही. अमेरिकेत हौशी खेळांचा कारभार 'अमॅच्युअर ॲथलेटिक युनियन' या संघटनेच्या हातात होता. शाळा-कॉलेजात असेपर्यंत मुलाला मैदान आणि प्रशिक्षक मिळत असे. शाळा सुटली आणि कॉलेज परवडले नाही की सगळे बंद. पुढे खेळायचे तर एखाद्या नोंदणीकृत क्लबचा सदस्य असणे सोयीचे आणि बहुतेक वेळा गरजेचे. आणि मोठे, श्रीमंत क्लब कोणाला घेत? न्यूयॉर्कमधला सर्वांत मातब्बर 'न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लब' काळ्यांना आणि ज्यूंना सदस्यत्व देत नसे. ही स्थिती इतकी वर्षे टिकली की १९६८ च्या फेब्रुवारीत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या क्लबने आपली शतकमहोत्सवी स्पर्धा भरवली, तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना तिच्यावर बहिष्कार घालावा लागला.

म्हणजे दार बंद होते. बंद दारासमोर माणूस तीन गोष्टी करू शकतो. दार ठोठावत बसणे, निघून जाणे, किंवा आपले घर बांधणे. यान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घर बांधायला घेतले.

हे घर अगदी साधे होते. क्लबकडे स्वतःची इमारत नव्हती, मैदानही नव्हते. ब्रॉंक्समध्ये यँकी स्टेडियमच्या शेजारी मॅकोम्ब्स डॅम पार्क नावाचे सार्वजनिक मैदान आहे, तिथल्या ट्रॅकवर सराव चाले. न्यूयॉर्कच्या कडाक्याच्या हिवाळ्यात बाहेर धावणे अवघड, तेव्हा हार्लेममधल्या ३६९व्या रेजिमेंटच्या आर्मरीत, म्हणजे सैनिकी कवायतीच्या मोठ्या छप्परबंद सभागृहात, मुले धावत. ही रेजिमेंट काळ्या सैनिकांची. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तिने नाव कमावले होते. यान्सी स्वतः त्या रेजिमेंटमध्ये होते. पोटासाठी नोकरी वेगळी आणि क्लबचे काम बिनपगारी, असा त्यांचा शिरस्ता होता.

क्लबने आपल्यासमोर तीन उद्दिष्टे ठेवली होती. वस्तीतल्या तरुणांना खेळात पुढे आणणे, हे पहिले. त्यांना उच्च शिक्षणाकडे वळवणे, हे दुसरे. आणि खेळ व शिक्षण यांच्या मार्गाने वंशावंशांत समजूत वाढवणे, हे तिसरे. शिक्षक म्हणून मला दुसरे उद्दिष्ट महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतली कॉलेजे चांगल्या धावपटूला शिष्यवृत्ती देत. ज्या घरात कॉलेजची फी भरणे स्वप्नातही नाही, त्या घरातल्या मुलासाठी ट्रॅकवरचे काही सेकंद म्हणजे कॉलेजचा दरवाजा. यान्सींना हे पक्के ठाऊक होते. पदकाची चमक चार दिवसांची, पदवी मात्र जन्मभर कामाला येते.

दुसरे पाऊल

इथपर्यंतची गोष्ट जगभर सापडते. वगळलेल्या समाजाने आपली संस्था काढली, आपल्या मुलांना पुढे आणले. पायोनियर क्लब वेगळा ठरतो तो पुढच्या पावलामुळे. १९४२ मध्ये क्लबने आपली घटना बदलली आणि सर्व वंशांच्या, सर्व धर्मांच्या लोकांना सदस्यत्व खुले केले.

तारीख नीट बघा. १९४२ मध्ये अमेरिका हिटलरविरुद्ध युद्धात होती, पण तिच्याच सैन्यात काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या होत्या. हा भेद संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ मध्ये काढला. व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू उतरला १९४७ मध्ये. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९५४ मध्ये. या सगळ्यांच्या आधी, हार्लेममधल्या एका गरीब क्लबने ज्यांनी आपल्याला बाहेर ठेवले त्यांच्याच मुलांना आत घेतले.

आणि ती मुले आली. ज्यू घरांतली आली, इतर गोऱ्या घरांतलीही आली. याचे एक साधे कारण होते. पायोनियर क्लबमध्ये प्रवेशासाठी चाचणी नव्हती. मोठ्या क्लबांना फक्त जिंकणारे हवे असत. यान्सींच्या क्लबात मंद धावणाऱ्यालाही जागा होती. लांब पल्ल्याच्या धावपटूंना त्या काळी कोणी विचारत नसे. मॅरेथॉन म्हणजे वेडगळ लोकांचा उद्योग समजला जाई. अशा सगळ्या 'नको असलेल्यांना' हा क्लब आपला वाटला.

इथे एक क्षण थांबून आपल्या मुंबईकडे पाहू. त्याच काळात मुंबईत क्रिकेटचे पंचरंगी सामने भरत. १९०७ मध्ये युरोपीय, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी लढत होती. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये 'रेस्ट' म्हणजे 'बाकीचे' असा पाचवा संघ आला. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना मरीन ड्राइव्हच्या रांगेत आजही उभे आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीला या सामन्यांचे वेड होते आणि खेळ उच्च दर्जाचा होता, यात शंका नाही. पण कोणी कोणत्या संघातून खेळायचे हे धर्माने ठरे. सांगलीत जन्मलेले, मराठी ख्रिस्ती घरातले विजय हजारे 'बाकीच्यां'त मोडत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजारेंनी काढल्या, तरी ते 'बाकीचे'च. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या धर्मवार संघांना नापसंती दाखवली होती. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली.

मी हे जिमखान्यांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. त्या काळी गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना हिंदी माणसाला आत घेत नव्हता, म्हणून प्रत्येक समाजाने आपापला जिमखाना उभारला. म्हणजे पहिले पाऊल मुंबईत आणि हार्लेममध्ये सारखेच होते. फरक पडला तो दुसऱ्या पावलात.

टेड कॉर्बिट

या क्लबने घडवलेल्या माणसांपैकी मला सर्वांत जवळचे वाटतात ते टेड कॉर्बिट. जन्म १९१९, दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या डनबार्टन या खेड्यात, कापसाच्या शेतावर. आजोबांची पिढी गुलामीत जन्मलेली. हे डनबार्टन गाव आज नकाशावर नाही. १९५० नंतर अणुबॉम्बचे साहित्य तयार करण्याच्या सरकारी प्रकल्पासाठी ते उठवले गेले. धरणाखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

कॉर्बिट कुटुंबासह सिनसिनाटीला आले आणि तिथल्या विद्यापीठात शिकले. विद्यापीठाच्या संघात ते धावत, पण काही स्पर्धांमध्ये त्यांना उतरता येत नसे, कारण गोरे खेळाडू त्यांच्यासोबत धावायला तयार नसत. पुढे ते न्यूयॉर्कला आले, फिजिओथेरपिस्ट झाले, अपंग रुग्णांवर उपचार करण्याचे काम अनेक दशके केले. १९४७ मध्ये ते पायोनियर क्लबचे सदस्य झाले. १९५१ मध्ये बोस्टनला पहिली मॅरेथॉन धावले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संघातून हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले. ऑलिम्पिक मॅरेथॉन धावणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकन.

हेलसिंकी म्हटले की आपल्याला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिम्पिक पदक तिथेच मिळाले. त्याच ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये कॉर्बिट ४४वे आले, वेळ २ तास ५१ मिनिटे ९ सेकंद. त्यांच्या मागे सात मिनिटांनी भारताचे सुरतसिंह माथुर आले, ५२व्या क्रमांकावर. जिंकले ते चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक. ५ हजार आणि १० हजार मीटरची सुवर्णपदके आधीच खिशात घालून ते आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावले होते.

यान्सीही हेलसिंकीत होते, पण दुसऱ्या देशासाठी. जमैकाच्या चार गुणिले चारशे मीटर रिले संघाचे ते प्रशिक्षक होते. आर्थर विंट, लेस्ली लेंग, हर्ब मॅकेन्ली आणि जॉर्ज रोडन या चौघांनी ३ मिनिटे ३.९ सेकंदांचा जागतिक विक्रम करत सुवर्ण जिंकले. अमेरिकेचा संघ सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे राहिला. हार्लेमच्या मैदानावर बिनपगारी शिकवणाऱ्या माणसाने एका छोट्याशा बेटाला बलाढ्य अमेरिकेच्या पुढे नेले.

कॉर्बिट १९५४ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय मॅरेथॉन विजेते झाले. पण त्यांचे मोठेपण पदकांत शोधू नये. ते घरून कामावर आणि कामावरून घरी धावत जात. वृत्तीने अत्यंत मितभाषी. आणि धावण्याच्या जगाला त्यांनी जे दिले, ते आजही रोज वापरले जाते, जरी वापरणाऱ्याला त्यांचे नाव माहीत नसले तरी.

मापात पाप नको

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. पण रस्त्यावर हे अंतर मोजायचे कसे? त्या काळी आयोजक मोटारीत बसून मीटरवर आकडा बघत आणि शर्यत आखत. मोटारीचा मीटर थोडाफार चुकतोच, शिवाय मोटार वळणावर रस्त्याच्या मधून जाते आणि धावपटू आतल्या कडेने. परिणामी एका शहरातली मॅरेथॉन दुसऱ्या शहरातल्या मॅरेथॉनपेक्षा कमी-जास्त भरे. अंतरच खोटे असेल तर वेळ खरी कशी मानायची?

इंग्लंडमध्ये जॉन ज्युएल यांनी १९६१ मध्ये सायकलने अंतर मोजण्याच्या पद्धतीवर लिहिले होते. कॉर्बिट यांनी ते काम अमेरिकेत नेले आणि १९६४ मध्ये रस्त्यावरच्या शर्यती मोजण्याविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली. पद्धत अशी. आधी पोलादी फितीने रस्त्याचा एक सरळ तुकडा अचूक मोजून घ्यायचा. त्यावर सायकल चालवून चाकाचे किती फेरे होतात ते टिपायचे. मग शर्यतीचा सगळा मार्ग त्याच सायकलने पार करायचा, आणि तोही धावपटू जो सर्वांत जवळचा रस्ता घेईल त्याच रेषेवरून, वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून. शेवटी सायकल पुन्हा त्या मोजलेल्या तुकड्यावर आणून तपासायची, कारण ऊन चढले की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर बदलतो.

इतकी साधी गोष्ट, पण तिच्यात केवढी नैतिकता आहे! मराठीत आपण म्हणतो, मापात पाप करू नये. ज्या माणसाला तरुणपणी त्याच्या कातडीच्या रंगावरून मोजले गेले, त्याने उभे आयुष्य एक असे माप तयार करण्यात घालवले ज्यात रंगाला, पैशाला, ओळखीला जागाच नाही. फितीला माणसाचा धर्म कळत नाही, चाकाला जात. आज आपली मुंबई मॅरेथॉन असो की जगातली कुठलीही मान्यताप्राप्त शर्यत, तिचा मार्ग याच पद्धतीने, सायकलच्या चाकाने मोजलेला असतो.

एका क्लबातून दुसरा

१९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या धावपटूंनी लांब पल्ल्यासाठी नवी संघटना काढली. आज ती 'न्यूयॉर्क रोड रनर्स' या नावाने ओळखली जाते. पहिले अध्यक्ष टेड कॉर्बिट. सुरुवातीचे चाळीसेक सदस्य, त्यांतले बरेचसे पायोनियर क्लबचेच. घोड्यावर बसून आल्यासारखी ही संघटना काही मोठी झाली नाही. १९५९ पासून ब्रॉंक्सच्या रस्त्यांवर 'चेरी ट्री मॅरेथॉन' होऊ लागली. मूठभर धावपटू, बघ्यांची वानवा आणि बाजूने जाणाऱ्या मोटारी. त्या वाहतुकीला कंटाळून शर्यत सेंट्रल पार्कमध्ये न्यावी असे ठरले, आणि १३ सप्टेंबर १९७० रोजी पहिली न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन झाली. प्रवेश शुल्क एक डॉलर, सगळा खर्च सुमारे एक हजार डॉलर. १२७ जण धावायला उभे राहिले, ५५ जणांनी शर्यत पूर्ण केली. पहिला आला गॅरी मुर्क, अग्निशमन दलाचा जवान. बक्षिसे म्हणून स्वस्तातली मनगटी घड्याळे आणि दुसऱ्या खेळांच्या जुन्या ढाली-करंडकांना नवे रूप देऊन वाटलेले करंडक.

१९७६ मध्ये ही शर्यत शहराच्या पाचही विभागांतून नेली गेली. याचे बीज कॉर्बिट यांच्या एका सूचनेत होते. त्यांच्या मनात पाच विभागांचे पाच संघ अशी छोटीशी कल्पना होती. जॉर्ज स्पिट्झ या धावपटूने तिचा अर्थ पाच विभागांतून जाणारा मार्ग असा घेतला आणि ती उचलून धरली. तिला राजकीय पाठबळ मिळाले मॅनहॅटनचे अध्यक्ष पर्सी सटन यांच्याकडून. सटन म्हणजे माल्कम एक्स यांचे वकील. माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र वाचलेल्या आपल्या वाचकांना या नावाने थोडे दचकायला होईल. त्या वर्षी दोन हजारांहून अधिक लोक धावले. आता ही जगातल्या सर्वांत मोठ्या मॅरेथॉनपैकी एक आहे आणि तिचा मार्ग ब्रॉंक्समधून पूल ओलांडून हार्लेमच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर येतो. ज्या आर्मरीत यान्सींची मुले हिवाळ्यात धावत, ती तिथून काही चौकांवर आहे.

'कोणीही या, कितीही हळू धावा' हे आजच्या प्रत्येक शहरातल्या धावण्याच्या क्लबचे तत्त्व झाले आहे. ते तत्त्व काही आपोआप आलेले नाही. त्यामागे हार्लेममधला चाचणी न घेणारा क्लब आहे.

बायकांचे काय?

दार उघडण्याचे काम एकदा करून संपत नाही. ज्यांनी ते उघडले त्यांनाही पुन्हा पुन्हा तपासावे लागते की आणखी कोण बाहेर उभे आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बाहेर उभ्या होत्या बायका. मॅरेथॉन त्यांच्या प्रकृतीला झेपणार नाही असे डॉक्टर आणि अधिकारी सांगत. १९७० च्या त्या पहिल्या शर्यतीत एकच स्त्री होती, नीना कुशिक, आणि आजारपणामुळे तिला मध्येच थांबावे लागले. जून १९७२ मध्ये सेंट्रल पार्कमध्ये फक्त स्त्रियांची शर्यत झाली, ७२ जणींनी ती पूर्ण केली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲथलेटिक युनियनने अट घातली की मॅरेथॉनमध्ये बायकांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी वेगळे निघायचे. नीना आणि तिच्या पाच मैत्रिणी शर्यत सुरू होण्याच्या रेषेवर गेल्या, बंदूक वाजली आणि त्या खाली बसल्या. हातात निषेधाचे फलक. दहा मिनिटे तशाच बसून राहिल्या. पुरुषांची वेळ झाली तेव्हा उठल्या आणि सर्वांबरोबर धावल्या. युनियनच्या नियमाप्रमाणे त्यांच्या वेळेत दहा मिनिटे वाढवली गेली. पण वेगळे निघण्याची अट फार काळ टिकली नाही.

आपल्या मोहल्ल्यातला प्रश्न

आता सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाकडे येते. अलीकडे शहराशहरांत सकाळी धावणाऱ्यांचे गट झाले आहेत. सारख्या रंगाचे टी-शर्ट, मोबाइलवरचा ग्रुप, रविवारी दहा किलोमीटर, मग एकत्र चहा-पोहे. आपल्या वस्त्यांतली फारच थोडी मुले-मुली त्यांत दिसतात. आमच्या शाळेच्या पालक सभेत एकदा हा विषय निघाला. पोलीस भरतीत धावण्याची परीक्षा असते, मुले तयारीत कमी पडतात, काहीतरी करायला हवे, यावर सर्वांचे एकमत होते. पुढे मात्र दोन तट पडले. एक म्हणे, 'आपल्या बच्च्यांचा आपला वेगळा क्लब काढू, तिकडे त्यांना कोण विचारतो?' दुसरा म्हणे, 'वेगळे काढले की आपण आणखी वेगळे पडू. आहे त्या गटात पाठवा.' एक अम्मी मागच्या बाकावरून म्हणाल्या, 'मॅडम, लडकियों का क्या?' त्यावर दोन्ही तटांकडे उत्तर नव्हते.

पायोनियर क्लबचा इतिहास वाचल्यावर मला वाटते की हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. दोन्ही तट पहिल्या पावलावर भांडत आहेत. वेगळा क्लब काढणे पाप नाही. जिथे मुलाला बिचकायला होते, जिथे नाव सांगताना आवाज खाली जातो, तिथे त्याला ढकलून 'मुख्य प्रवाहात ये' म्हणणे सोपे आहे, पण त्याने मूल धावायला लागत नाही. आपल्या गल्लीतल्या मैदानावर, ओळखीच्या उस्तादांसमोर ते आधी धावेल. फजरची नमाज झाल्यावर मोहल्ला जागाच असतो, रस्ते मोकळे असतात. याहून चांगली वेळ कुठली? आपले घर आधी बांधावेच लागते.

पण यान्सी तिथे थांबले नाहीत. अवघ्या सहा वर्षांत त्यांनी घटना बदलली. तेव्हा त्यांचा समाज श्रीमंत झाला नव्हता, बलवान झाला नव्हता, त्याच्यावरचा अन्यायही संपला नव्हता. 'आधी त्यांनी आम्हाला घ्यावे, मग आम्ही त्यांना घेऊ' असा हिशेब त्यांनी केला असता तर तो कोणाला चूक म्हणता आला नसता. फक्त मग न्यूयॉर्कच्या धावण्याचा इतिहास वेगळा झाला असता आणि बहुधा अधिक गरीब. आपण नेहमी पाहुणे असतो, कोणीतरी आपल्याला सामावून घ्यावे अशी वाट बघतो. पायोनियर क्लबने काळ्या माणसाला यजमान केले. माझ्या मते 'वेगळे राहायचे की मिसळायचे' या आपल्या जुन्या प्रश्नाचे हे तिसरे उत्तर आहे. आपण यजमान व्हावे. क्लब आपल्या मोहल्ल्यात असावा, त्याचे नियम आपण करावेत, आणि पहिल्या दिवसापासून शेजारच्या आळीतला गणेश आणि पलीकडच्या वस्तीतला जोसेफ तिथे हक्काने यावा. आपल्या मुलीही तिथे असाव्यात, मागच्या दाराने किंवा दहा मिनिटे आधी नाही, त्याच वेळी आणि त्याच रेषेवरून.

खर्चाची सबब इथे चालत नाही. यान्सींकडे इमारत नव्हती, सरकारी अनुदान नव्हते. सार्वजनिक मैदान, एक मोठे सभागृह आणि वर्षानुवर्षे वेळेवर हजर राहणारा एक माणूस एवढ्यावर सगळे उभे राहिले. आपल्याकडे शाळेची पटांगणे रविवारी रिकामी असतात. निवृत्त शिक्षक आहेत, लष्करातून परतलेले जवान आहेत, भरतीची परीक्षा दिलेली मोठी मुले आहेत. कमी आहे ती रोज उठून तिथे जाणाऱ्या एका माणसाची.

जोसेफ यान्सी १९९१ मध्ये वारले. टेड कॉर्बिट २००७ च्या डिसेंबरमध्ये. कॉर्बिट यांनी आयुष्यात १९९ मॅरेथॉन आणि त्याहून लांब शर्यती केल्या. २००३ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी, २४ तासांच्या एका शर्यतीत ते ६८ मैल चालले. धावणे जमत नव्हते म्हणून चालले, पण रेषेवर उभे राहिले. बिनीच्या शिलेदाराला शोभेल असेच हे आहे. त्यांनी वाट मोकळी करून ठेवली आहे. आता त्या वाटेवर आपली मुले-मुली किती दिसतात, हे आपण सकाळी किती वाजता उठतो यावर अवलंबून आहे.